खिडकीकडचे तीन चौकोन

पेंटरने खिडकीशेजारच्या भिंतीवर ब्रशने तीन चौकोन काढले, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "हां मॅडम, आता सांगा."

मी बघितलं. तिन्ही पांढरे होते.

"यात वेगळं काय आहे?" मी विचारलं.

त्याला बहुधा वाटलं मी फिरकी घेतेय. "काय बोलता! जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा पहिला जरा पिवळ्यावर जातो. मधला गुलाबीवर. आणि शेवटचा थंड आहे, ग्रेवर मारतो. आत्ता ओले आहेत म्हणून कळत नाही. सुकू द्या. दिवसा बघा, ट्यूबलाइट लावून बघा, मग फोन करा. पण लवकर करा हां. गणपतीच्या आधी अख्ख्या मुलुंडला रंग पाहिजे असतो, मग मी हाताला लागणार नाही."

मी "बरं" म्हटलं. त्या वर्षात मी सगळ्यालाच "बरं" म्हणत होते.

माझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. आजारपण त्याने याच खोलीत काढलं, शेवटी हॉस्पिटलात नेला आणि तिथून तो परत आला नाही. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि त्याची आई, दोघीच उरलो. अशा वेळी बाईने रडावं किंवा मग कंबर कसून उभं राहावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी दोन्ही केलं नाही. साकीनाक्याला कामावर जात होते, घरी येत होते, जेवत होते, झोपही लागत होती. कोणी "कशी आहेस गं?" विचारलं की "ठीक" म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. दाढेला भूल दिल्यावर गालाला हात लावला तर तो गाल आपला वाटत नाही, तसं चाललं होतं. दुखत नव्हतं. पण चहा गोड आहे की बिनसाखरेचा, हेही कप संपल्यावर आठवून बघावं लागायचं.

मी सासूबाईंना तोंडावर आई म्हणते. लिहिताना मात्र सासूबाईच येतं, कारण माझी आई वेगळी होती आणि ती इतकी ओरडत नसे. सासूबाई मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, तेव्हापासून मुंबईत, पण बोलणं अजून गावचंच. मी पार्ल्याची. लग्न होऊन आले तेव्हा त्या मला पाठीमागे "पार्लेकरीण" म्हणायच्या आणि पाठीमागे म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून, मला ऐकू येईल अशा आवाजात. मी आमटीत गुळाचा खडा टाकते, यावर त्यांचा पहिल्या आठवड्यापासून आक्षेप. सकाळी सकाळी त्या सुके बांगडे भाजतात, यावर माझा. माझा नवरा मधे बसून दोन्हीकडचं जेवायचा आणि आम्हा दोघींचं भांडण टीव्हीसारखं बघायचा. कधी कधी आवाज वाढवायलाही सांगायचा.

तो गेल्यापासून आम्ही एकदाही भांडलो नव्हतो. बांगड्यांचा वास यायचा आणि मी खिडकी उघडायचे. आमटी गोड लागली तर त्या निमूट जेवायच्या. बिल्डिंगमधल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "दोघी किती समजुतीने राहताय." मी बरं म्हणायचे.

आमच्याकडे रिवाज असा की घरातलं माणूस गेलं की वर्षभर काही करायचं नाही. सण नाही, नवं कापड नाही, गावच्या गणपतीला जाणं नाही, भिंतीला ब्रश नाही. वर्षश्राद्ध झालं की पहिला मोठा सण यायच्या आत घराला रंग द्यायचा. मग ते वर्ष सुटलं असं धरतात. श्राद्धाचं जेवण उरकून पाहुणे गेले, मी ताटं गोळा करत होते, आणि सासूबाईंनी केळीची पानं गुंडाळता गुंडाळता सांगून टाकलं.

"आतल्या खोलयेक रंग काढून घेव. मगे मी गावाक जातंय. गणपतीक जातलंय ती थयच ऱ्हवतलंय."

मी म्हटलं, "म्हणजे कायमच्या?"

"मगे काय? तू अजून तरणी आसस. भाव बोलयता तुका. माजा लोढणा गळ्यात घेवन खय बसतलंस?" त्या पानांच्या गठ्ठ्याला दोरी बांधत राहिल्या. "पण रंग काढल्याबिगर मी जावचंय नाय. ह्या वरसाच्या चार भितींत तुका टाकून गेलंय, तर तो माका माफ करूचो नाय."

गावी त्यांचं जुनं घर आहे, शेजारी धाकटी जाऊ आहे, तेव्हा जाण्यात अडचण काही नव्हती. माझा धाकटा भाऊही खरंच बोलवत होता. पार्ल्याला आमच्या घरात एक खोली रिकामी होती. सगळं व्यवस्थित बसत होतं. खोलीला रंग लागला की त्या कोकणात, मी पार्ल्याला किंवा इथेच एकटी, जसं मला वाटेल तसं. मला काय वाटतं, हे मी जरा थांबून तपासून बघितलं. काहीच वाटत नव्हतं.

"बरं," मी म्हटलं.

तर असे ते तीन चौकोन भिंतीवर आले.

खरं म्हणजे पांढऱ्याच्या बाबतीत मी अडाणी नाही. साकीनाक्याला आमच्या कंपनीत तेलाच्या आणि शाम्पूच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. त्यातली निम्मी पांढरी. आणि पांढऱ्या झाकणांचे दोन लॉट सहसा सारखे निघत नाहीत. गिऱ्हाईक फोन करून ओरडतं की मागच्या वेळचं दुधासारखं होतं, हे निळसर कसं? मग मी दोन्ही झाकणं हातात घेऊन खिडकीशी जाते आणि सांगते, हे खरंच निळ्यावर गेलंय, किंवा हे गेलेलं नाही, तुमची बाटलीच पिवळी आहे. याच कामाचा पगार घेते. नवरा असताना मी तेही टेचात सांगायचे, की माझ्या डोळ्यातून सुटत नाही.

आता घरी येऊन त्या चौकोनांपुढे उभी राहायचे आणि मला भिंत दिसायची. पेंटरने सांगितलं म्हणून सकाळी बघितलं, दिवे लावून बघितलं. श्रावणाचं आभाळ, त्यात उजेडाचाही धड पत्ता नाही. पहिला पिवळ्यावर, मधला गुलाबीवर, शेवटचा थंड, हे मी पाठ करून टाकलं होतं. पाढा पाठ असतो तसं. दिसत नव्हतं.

सासूबाई रोज विचारायच्या. मी चप्पल काढते तोच आतून आवाज, "ठरलो काय गो?"

"नाही अजून."

"बरा."

त्यांना त्यातलं काय दिसत होतं देव जाणे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, ऑपरेशन त्यांनीच पुढे पुढे ढकललेलं. दूध आणि ताक त्या वास घेऊन ओळखतात. एकदा मी म्हटलं, "आई, तुम्हीच सांगा ना कुठला ते." तर त्या पेंटरने ठेवलेलं रंगांचं कार्ड नाकाला लावून बघत म्हणाल्या, "गावाक आमी चुनो काढतो. चुन्यात उल्लीशी नीळ घातली की झाला पांढरा. हय एकाच पांढऱ्याक धा नावां." मग कार्ड खाली ठेवून, "ऱ्हवतलंस तू. तूच ठरव."

आमच्या बिल्डिंगने फुकटचा सल्ला द्यायला कधी कंजुषी केलेली नाही. समोरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन आत आल्या आणि पहिल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा उबदार आहे." त्यांचे यजमान दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन शेवटचा म्हणाले, बायकोने पहिला म्हटलं म्हणून. वरच्या मजल्यावरची एक जण म्हणाली, आतल्या खोलीला पांढरा नकोच, मन उदास होतं, हिरवा घे. म्हटलं बाई, मन व्हायचं ते होऊन गेलं. असं मनात म्हटलं. तोंडाने बरंच म्हटलं.

एका रविवारी भाऊ आला. त्याने खोलीत येऊन चौकोन बघितले, खिडकी उघड-बंद करून बघितली, आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "ताई, मधला घे. पण मला सांग, तू इथे राहणार आहेस का? आई गावी गेल्या की तू एकटी काय करणार इथे? ये ना तिकडे. साकीनाका तर पार्ल्याहून जवळच पडेल तुला."

"येईन," मी म्हटलं.

"कधी?"

"रंग झाला की बघू."

बाहेरच्या खोलीत सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात क्षणभर थांबले, हे मी दारातून बघितलं. मग पुन्हा चालू झाले. भावाला त्यांनी जाताना सोलकढी पाजली, जेवून जा म्हणाल्या, तो थांबला नाही.

त्यांचं सामान हळूहळू हॉलमध्ये जमू लागलं. सुटकेस वगैरे त्यांना मान्य नाही. तांदळाच्या रिकाम्या गोण्या धुऊन वाळवल्या आणि त्यात भरणं सुरू झालं. पितळेचे डबे, जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या बरण्या, सासऱ्यांचा फोटो उशीच्या अभ्र्यात घालून. रोज थोडं थोडं. मी कामावरून यायचे तेव्हा गोणी आणखी फुगलेली असायची आणि फडताळ आणखी रिकामं. फक्त आडाळो तेवढा बाहेर होता. आडाळो म्हणजे त्यांची लाकडी पाटाची विळी, टोकाला खोबरं खवायचं दातेरी चक्र. लग्नात माहेराहून आणलेला. त्यावाचून त्यांचा एक दिवसही निघत नाही. बाजारातलं खवलेलं खोबरं आणलेलं एकदा मी, तर म्हणाल्या होत्या, ह्या खोबरा नाय, ह्यो लाकडाचो भुसो. तो आडाळो ओट्याखाली होता तोवर घर चालू होतं, असं आता म्हणता येईल. तेव्हा मी तो फक्त बघत होते.

मग पेंटरचा फोन आला. सकाळची वेळ, मी डबा भरत होते. "मॅडम, फायनल करा ना यार. माझ्याकडे शनिवार-रविवार मोकळे आहेत. नंतर डायरेक्ट गणपतीनंतर. बोला, कुठला?"

मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. सासूबाई मागे ओट्याशी होत्या.

"शेवटचा," मी म्हटलं.

"शेवटचा ना? थंडवाला? पक्का?"

"हो. शेवटचा."

का शेवटचा, विचाराल तर सांगता येणार नाही. शेवटी होता म्हणून असेल. फोन ठेवला, डब्याचं झाकण लावलं. सासूबाई म्हणाल्या, "ठरलो?" मी म्हटलं, "ठरला." त्यांनी हात पुसले आणि डोंबिवलीच्या पुतण्याला फोन लावला. तो आपली गाडी काढून गणपतीला गावी जाणार होता. एक माणूस आणि दोन गोण्या मावतील का, असं त्यांनी विचारलं. मावणार होत्या. रविवारी रंगाचा शेवटचा हात होईल, सोमवारी पहाटे तो न्यायला येईल, असं ठरलं.

शनिवारी पेंटर आला तेव्हा आडाळो ओट्याखाली नव्हता. दुसऱ्या गोणीच्या तोंडातून त्याच्या लाकडाचं टोक बाहेर आलं होतं, वर सुतळीची गाठ.

खोली रिकामी करायला आम्ही तिघांनी मिळून पलंग भिंतीपासून ओढला. डोक्याकडची फळी सरकली आणि मागची भिंत दिसली. फळीच्या जरा वर, माझ्या नवऱ्याच्या बाजूला, तेलाचा डाग होता. बशीएवढा गोल, मधे गडद, कडेला फिकट होत गेलेला. तो पलंगावर भिंतीला डोकं टेकून बसायचा, मोबाइल बघत, पेपर वाचत, आणि आजारपणात तर तसाच बसून राहायचा, कारण आडवं झालं की खोकला यायचा. डाग मला माहीत होता. वर्षभर तो माझ्या उशीपासून हातभर अंतरावर होता. त्याची उशी मी तिथे उभी करून ठेवायचे, डाग दिसू नये म्हणून नव्हे, आपली तशीच.

"हा आधी साबणाने घासायला लागेल," पेंटर म्हणाला. "नाहीतर वर कितीपण हात मारा, तेल बाहेर येतंच." आणि त्याने बादलीत साबण कालवला.

सासूबाई दारात होत्या. त्या आत आल्या, भिंतीच्या अगदी जवळ गेल्या, कारण लांबून त्यांना दिसत नाही, आणि डागावर तळवा ठेवला. तळवा डागात बरोबर मावला.

"तेल खूब घालीत होतंय मी तेका," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही.

दर रविवारी, अंघोळीच्या आधी, तो चाळिशी उलटलेला माणूस त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसायचा आणि त्या त्याच्या डोक्यावर खोबरेल चोपडायच्या. मी चिडायचे, उशांचे अभ्रे मला धुवावे लागतात म्हणून.

पेंटर घासणी घेऊन पुढे आला. त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "सर बाजूक. मी घासतंय." आणि पदर खोचून, एक हात भिंतीला टेकून, त्या घासायला लागल्या. जोर लावून. फेसाचे ओघळ त्यांच्या कोपरापर्यंत येत होते. एवढ्या जोरात त्यांनी टोपसुद्धा घासलेला मी बघितला नव्हता.

आणि तेव्हा मला वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते दुःख नव्हतं. मला राग आला. असा राग की कानशिलं गरम झाली. ही बाई घासून पुसून सगळं साफ करणार, माझ्यासाठी पांढरी खोली तयार करणार, जसं काही झालंच नाही, आणि सोमवारी पहाटे आपला आडाळो घेऊन गाडीत बसणार. मग इथे त्याला ओळखणारं कोण राहणार होतं? पार्ल्यात माझा भाऊ त्याला "भावजी" म्हणायचा आणि पाण्याचा ग्लास द्यायचा, एवढंच. तो आमटी कशी भुरकायचा, कोणाच्या बाजूने बोलायचा, कोणाला हळूच डोळा मारायचा, हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस मला न विचारता चाललं होतं. आणि मी बरं म्हटलं होतं.

पेंटरने तोवर डबा उघडला, काठीने रंग ढवळला. पांढरा. मी जाऊन बघितलं.

"हा तो नाही," मी म्हटलं.

"काय?"

"हा मी सांगितलेला नाही."

"मॅडम, हाच आहे. शेवटचा, थंडवाला. नंबर बघा डब्यावर."

"मी मधला सांगितला होता."

पेंटरने काठी उचलून रंग भिंतीवरच्या शेवटच्या चौकोनाशेजारी धरला. "हे बघा, सेम टू सेम. तुम्ही फोनवर काय बोलल्या? शेवटचा. मी दोनदा विचारलं, पक्का? तुम्ही बोलल्या, पक्का."

"मधला म्हटलं होतं. माझं कामच आहे ते. मी दिवसभर पांढरेच बघते. हा थंड आहे. मला थंड नको होता." माझा आवाज चढला होता. बऱ्याच दिवसांनी मी तो ऐकत होते.

"अरे, पण..." त्याने इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा. फोन झाला तेव्हा तुम्ही होता ना घरात? मॅडम काय बोलल्या?"

सासूबाईंचं घासणं थांबलं होतं. फोन झाला तेव्हा त्या माझ्या मागे चार हातांवर होत्या. त्यांच्या डोळ्यांत दोष आहे, कानांत नाही. समोरच्या घरातली कुजबुज त्यांना आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. त्यांनी घासणी बादलीत टाकली. हात पदराला पुसले. माझ्याकडे बघितलं नाही. डब्यापाशी येऊन, कमरेवर हात ठेवून, वाकून आत बघितलं. मग चौकोनांपाशी जाऊन एकेकाला नाक लावलं, पहिल्याला, मधल्याला, शेवटच्याला. पुन्हा डब्याशी आल्या. पेंटर वाट बघत होता. मीही. मी गालाला हात लावून बघितला, गाल माझाच होता.

"ह्यो न्हय," सासूबाई म्हणाल्या.

"आजी!"

"ह्यो न्हय म्हणान सांगलंय ना? तिणा मदलो सांगल्यान. मी आयाकलंय."

पेंटरने कपाळावर हात मारला. "वाट लागली. मशीनवर बनवलेला रंग आहे, दुकानदार परत घेणार नाही."

"राहू दे इथेच, मी देते त्याचे," मी म्हटलं.

"आणि आता मधला आणायचा कधी, लावायचा कधी? उद्यापर्यंत होणार नाही. माझं पुढचं सगळं पॅक आहे. आता गणपतीनंतरच."

"मग गणपतीनंतर."

"तेव्हा तुम्ही परत बोलाल, हा नको."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

तो ब्रश गोळा करून, पुटपुटत गेला. दोन बायकांचं घर, असं काहीतरी म्हणाला जिन्यात. चुकी त्याची काडीची नव्हती, बिचाऱ्याची. दार लावून मी खोलीत परत आले. पलंग मधोमध, डबा उघडा, भिंतीवर तीन चौकोन, आणि पलीकडच्या भिंतीवर ओला डाग, वरचा अर्धा पुसट झालेला, खालचा तसाच. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, त्याच्या बाजूला. मला वाटलं आता त्या विचारतील, का खोटं बोललीस. मला उत्तर द्यावं लागलं असतं तर रडूच आलं असतं.

"मदलो कित्या सांगलंस गो?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गुलाबी दिसता तो. न्हाणयेसारखो. खोटा बोलूचाच होता तर पयलो सांगूचो होतंस."

"तुम्हाला काय दिसतंय त्यातलं?"

"दिसता माका!"

"काही दिसत नाही. त्याच्यासाठीच म्हणतेय मोतीबिंदू काढून घ्या, तर ऐकायचं नाही. पहिला काय डोंबलाचा चांगला आहे? पिवळाढोण आहे तो."

"तुज्या आमटयेपेक्षा बरो आसा!"

"माझ्या आमटीला काय झालं? वर्षभर तर मुकाट जेवत होता."

"जेवत होतंय, कारण तुका काय बोलूक जीव होवक नाय माजो!" त्या ओरडल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ओरडत होत्या. मीही ओरडत होते. काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. बांगडे निघाले, उशांचे अभ्रे निघाले, लग्नात माझ्या मामाने केलेला मानपान निघाला. समोरच्या बाईंनी दार उघडून कानोसा घेतला आणि पुन्हा लावून घेतलं. इतके दिवस समजुतीने राहणाऱ्या आम्हा दोघींचं काय बिनसलं, असं त्यांना वाटलं असेल. मी एकदा सवयीने मधे बघितलं, तो कुठे बसलाय ते. तो नव्हता. तिथे दुखलं. चांगलं, स्पष्ट, जिथल्या तिथे दुखलं, आणि मी पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसून त्याच्यासाठी रडले, सासूबाईंच्या पाठीला पाठ लावून.

डोंबिवलीहून पुतण्याचा फोन आला तेव्हा दुपार झाली होती. सासूबाईंनी नाक पुसून तो घेतला. "रंग झालो नाय रे," त्या म्हणाल्या. "पेंटरान घोळ केल्यान. नाय, मी कशी येव? रंगाबिगर येवचंय नाय. गणपतीक पाया पड माज्यावतीन. मगे? मगे बघू. हिका अजून ठरवूक जमणा नाय."

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी पलंग पुन्हा भिंतीला लावत होते. एकटीला तो ओढवत नव्हता, पण जागेवर आणला. डब्याला झाकण ठोकलं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं.

"गो," आतून आवाज आला, "तो आडाळो काढ गोणीतसून. नारळ आसा घरात."

गाठ त्यांनी घट्ट मारली होती. नखं लावून सोडवली, आडाळो काढला, ओट्याखाली त्याच्या जागी ठेवला. काळे वाटाणे शिजत होते. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"आनी ह्या आमटयेत गूळ घालू नको हां," त्या म्हणाल्या.

"घालणार," मी म्हटलं.